एकाच कपातून

गेल्या शनिवारी ट्रेकला गेलो होतो. कर्जतजवळच्या ठाकूरवाडीत एका आजींनी न मागता तांब्याभर पाणी आणून दिलं. आम्ही पाचही जण वरून प्यायलो. माझं अर्धं पाणी टी-शर्टवर सांडलं. आजी हसल्या, "तोंड लावून पी ना रं." तरी मी लावलं नाही. का बरं?

घरी आलो तर टेबलावर ऑफिसच्या क्रिकेट स्पर्धेचा कप. (चांदीचा नाही हो, नुसता चकचकीत!) याला दोन कान कशाला? तर हा वंशज आहे युरोपातल्या चांदीच्या दोन कानी पेल्याचा. त्याचं नाव 'लव्हिंग कप'. लंडनच्या जुन्या व्यापारी संघांच्या मेजवान्यांत तो शतकानुशतकं हातोहात फिरत आला. एक जण पितो, शेजारचा त्याची पाठ राखतो, मग कड पुसून पेला पुढे. ९७८ साली राजा एडवर्डला पिता पिता भोसकलं, म्हणून ही पाठराखण, अशी आख्यायिका आहे. थोडक्यात, एका पेल्यातून प्यायलो म्हणजे आपण एकमेकांचे.

आता पुण्यात या. ऑक्टोबर १८९०, पंचहौद मिशन. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि हलकल्लोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी रानडे आणि टिळक दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी!

गंमत म्हणजे मनुस्मृतीप्रमाणे चांदीचं न माखलेलं भांडं नुसत्या पाण्याने शुद्ध होतं. भांड्याला एवढी सवलत, माणसाला नाही. ठाकूरवाडी ज्या रायगड जिल्ह्यात येते (तेव्हाचा कुलाबा), त्याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तिथे तर भांडंही नव्हतं, नुसती ओंजळ होती. तरी लोकांची डोकी फुटली.

तुम्ही म्हणाल, वरून पिणं ही स्वच्छता आहे, घरातही आपण तसंच पितो. मान्य. पण मित्राची बिअरची बाटली पाच तोंडांतून फिरते तेव्हा ही स्वच्छता कुठे जाते, राव? मला तरी उत्तर सापडलं नाही. पुढच्या महिन्यात परत त्याच वाटेने जातोय. आजी भेटल्या तर तांब्याला तोंड लावेन म्हणतो.