एकमितीय चुंबकांतील सॉलिटॉन : पुराव्याचा इतिहास

जॉन स्कॉट रसेल यांनी १८३४ साली एडिंबरोजवळच्या कालव्यात पाण्याचा एकच उंचवटा आपला आकार न मोडता पुढे जाताना पाहिला व घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. परस्परांवर आदळूनही अभंग राहणाऱ्या अशा एकाकी तरंगांना ‘सॉलिटॉन’ हे नाव मात्र १९६५ साली झाबुस्की व क्रुस्कल यांनी दिले. ‘इलेक्ट्रॉन’, ‘प्रोटॉन’ या नामांच्या वळणावर घडविलेल्या या शब्दाने तरंगाला कणाची प्रतिष्ठा मिळाली. परंतु नामकरण म्हणजे अस्तित्वाची सिद्धी नव्हे. रसेल यांचा तरंग डोळ्यांना दिसत होता. चुंबकीय स्फटिकातील सॉलिटॉन कोणालाही दिसत नाही. मग तो आहे हे ठरले कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

काही स्फटिकांत चुंबकीय अणू साखळ्यांनी रचलेले असतात. एका साखळीतील शेजाऱ्यांची परस्परक्रिया प्रबळ, तर दोन साखळ्यांमधील अत्यंत क्षीण असते. असे द्रव्य व्यवहारतः एकमितीय चुंबक ठरते. या विषयातील एक मूलभूत निष्कर्ष मुंबईत निघाला. १९६९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील चंचलकुमार मजुमदार व दीपन घोष यांनी अशा साखळीचा विचार केला की, जीत निकटच्या शेजाऱ्याशी असलेल्या परस्परक्रियेच्या निम्मी परस्परक्रिया त्यापलीकडील शेजाऱ्याशी असते. तिच्या नीचतम ऊर्जेच्या अवस्थेत परिवलने दोन-दोन करून जोडीने बांधली जातात. पहिले दुसऱ्याशी, तिसरे चौथ्याशी. किंवा दुसरे तिसऱ्याशी, चौथे पाचव्याशी. या दोन्ही रचनांची ऊर्जा तंतोतंत सारखी असते. साखळीच्या एका भागात पहिली व दुसऱ्या भागात दुसरी रचना असेल, तर सांध्यावर एक परिवलन जोडीविना उरते. हा सांधा साखळीतून सरकू शकतो. शास्त्री व सदरलँड यांनी १९८१ साली या सांध्यांच्या, म्हणजेच सॉलिटॉनांच्या, उत्तेजनांचे गणित मांडले.

दरम्यान प्रयोगांना वेगळ्या वाटेने आरंभ झाला होता. सीझियम निकेल फ्लुओराइडमधील साखळीवर चुंबकीय क्षेत्र लावले असता सॉलिटॉन उद्भवावेत, असे मिकेस्का यांनी १९७८ साली दाखविले. त्याच वर्षी क्येम्स व श्टाइनर यांनी या स्फटिकावरून न्यूट्रॉनांचे प्रकीर्णन केले, तेव्हा शून्य ऊर्जाबदलाभोवती एक शिखर आढळले. फिरत्या सॉलिटॉनांची ही खूण, असा त्यांचा निर्वाळा होता. १९८१ साली रायटर यांनी आक्षेप घेतला : सामान्य चुंबकीय तरंगांच्या जोड्यांपासूनही तेथेच असे शिखर निर्माण होऊ शकते. शिखर एक, वाचने दोन.

या संदिग्धतेचे मूळ स्फटिकाच्या स्वभावात होते. तेथे सॉलिटॉन ओलांडताना परिवलन पूर्ण एक फेरा घेऊन मूळ दिशेलाच येते. अलीकडे व पलीकडे काहीही बदललेले नसते. टेट्रामेथिल अमोनियम मँगॅनीज क्लोराइड या प्रतिलोहचुंबकीय द्रव्यात मात्र सॉलिटॉन गेल्यावर परिवलन उलटे होते. प्रत्येक सॉलिटॉन साखळीची सुव्यवस्था मोडतो. म्हणून न्यूट्रॉन-शिखराच्या रुंदीवरून सॉलिटॉनांची संख्या अजमावता येते. बूशे व रनार यांनी १९८० साली अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने स्वतंत्र साक्ष मिळविली : अणुकेंद्रांचा शिथिलन-काल क्षेत्र व तापमान यांच्या गुणोत्तरानुसार घातांकी रीतीने बदलत होता. सॉलिटॉनाची ऊर्जा क्षेत्राच्या प्रमाणात असल्यास असेच घडावयास हवे.

मुंबईच्या साखळीतील सांधाही याच दुसऱ्या जातीचा. त्याच्या दोन बाजूंची जुळणी भिन्न. कॉपर जर्मेनेट या स्फटिकात सुमारे १४ केल्व्हिनखाली परिवलने जोडीने बांधली जातात, हे १९९३ साली उघड झाले. तेथे जोड्या जुळण्यात स्फटिकजालाच्या विरूपणाचाही वाटा आहे, हा भेद विसरता कामा नये. सुमारे १२.५ टेस्लांहून प्रबळ क्षेत्रात सॉलिटॉन समान अंतरांवर ओळीने उभे राहतात. १९९६ साली क्ष-किरणांनी त्या ओळीचे आवर्तन मोजले, तर अनुस्पंदनाने प्रत्येक स्थळीच्या चुंबकनाची वाटणी दाखविली.

भाषाभ्यासकाला ही तर्कपद्धती परकी वाटणार नाही. भंडाऱ्याकडील झाडीबोली व पश्चिमेकडील वऱ्हाडी यांमधील सीमा भूमीवर कोठे आखलेली नाही. दोहों बाजूंचे बोलणे भिन्न आहे, म्हणूनच ती मानावी लागते. दोन्हीकडे एकच बोली असती, तर सीमेचे प्रतिपादन नुसत्या तर्कावर उभे राहिले असते. सॉलिटॉनाच्या इतिहासाचेही तात्पर्य हेच. सिद्धान्ताशी जुळणारी एक खूण सापडणे पुरेसे नसते. तीच खूण दुसऱ्या कारणाने उमटू शकत नाही, हे दाखवावे लागते. या दृष्टीने रायटर यांचा आक्षेप हा शोधातील अडथळा नसून शोधाचाच एक आवश्यक टप्पा होता.