तांबूस काक्षी, निळसर राजन्य

हिवाळ्यात हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या माळावरून मृग नक्षत्र पाहिलं की दोन तारे डोळ्यांत भरतात: तांबूस काक्षी, निळसर राजन्य. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, ताऱ्यांचंही तसंच. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० केल्विन, राजन्याचा तब्बल १२,०००.

रंग आणि तापमानाचं हे गणित विल्हेल्म वीन यांनी १८९३ मध्ये मांडलं. त्याच काळात पुण्यात कावसजी नायगमवाला भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेत २० इंची दुर्बिणीवर वर्णपट तपासत होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्राचं हे नुकसानच.

आता पाळी हिंगोलीची. औंढ्याच्या लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. हे यंत्र रंग पाहणार नाही, गुरुत्वीय लहरी टिपेल. पण १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, तेव्हा दुर्बिणींना त्या टकरीचा प्रकाश सापडायला सुमारे अकरा तास लागले. सुरुवातीला निळा असलेला तो प्रकाश थंड होत काही दिवसांतच तांबडा झाला. औंढ्याचं केंद्र सुरू झालं की अशा घटनेची जागा अधिक नेमकी सांगता येईल, म्हणजे दुर्बिणींना तिचा प्रकाश लवकर शोधता येईल.