चिनीमातीतली न दिसणारी भेग : विद्युत चाचणीचा इतिहास

कॉलेजच्या वाटेवर उच्चदाब वाहिनीचा मनोरा असेल तर उद्या जाता-जाता वर बघा. तार धरून लटकलेली तपकिरी चकत्यांची माळ दिसेल. हे चिनीमातीचे इन्सुलेटर. प्रत्येक चकतीला दोन कामे एकदम करावी लागतात : तारेचा भार पेलणे आणि वीज रोखणे. एखाद्या चकतीत आरपार भेग पडली तर दोन्ही कामे धोक्यात येतात. मग ती न फोडता, केवळ विजेच्या मदतीने भेग ओळखता येईल का? आणि चाचणीत पास झालेली चकती मजबूत आहे असे म्हणता येईल का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे कळायला अभियंत्यांना बरीच वर्षे लागली.

१८९६ मध्ये नायगाराची वीज ११ हजार व्होल्टने बफेलो शहरात पोहोचली. १९०२ मध्ये आपल्याकडे शिवसमुद्रमची वीज सुमारे १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. व्होल्टेज वाढले तशी चिनीमातीची परीक्षाही कडक झाली. कोरड्या पद्धतीने दाबून बनवलेल्या मालात बारीक छिद्रे राहत. वरची चकाकी सुंदर दिसे, पण तिला तडा गेला की आत पाणी मुरे. उघड्या डोळ्यांना हे दिसत नसे. म्हणून कारखान्यात इन्सुलेटर मिठाच्या पाण्याच्या तबकात उलटा ठेवत, खिळ्याच्या भोकातही पाणी भरत आणि दोन्ही पाण्यांमध्ये उच्चदाब देत. सदोष नग आरपार फुटे, चांगल्याला काहीच होत नसे. अविनाशी चाचणीचा अर्थ इथेच नीट समजून घ्या : चाचणीने चांगल्या नगाचे नुकसान होता कामा नये.

पुढे लटकत्या चकत्या आल्या आणि नवीन दुखणे सुरू झाले. लोखंडी टोपी आणि लोखंडी दांडा सिमेंटने चिनीमातीला जोडलेले असतात. तापल्यावर लोखंड चिनीमातीच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, आणि सिमेंटही ओल शोषून हळूहळू फुगते. आतला दांडा व सिमेंट बाहेर दाबू लागले की चिनीमातीवर ताण येतो. दाब सोसण्यात चिनीमाती पटाईत, ताण सोसण्यात मात्र अगदी कमकुवत. परिणामी कारखान्यातून पास होऊन निघालेल्या चकत्या काही वर्षांनी मनोऱ्यावर तडकू लागल्या.

त्या शोधायच्या कशा? एक मार्ग होता मेगरने रोध मोजण्याचा. दुसरा चालू वाहिनीवरचा : लाइनमन लांब विद्युतरोधी काठीच्या टोकाची धातूची दोन टोके चकतीला लावी. चकती चांगली असेल तर ठिणगीचा गुणगुणाट येई, कारण तिच्यावर व्होल्टेज असे. आरपार गेलेली चकती गप्प राही. कानाने केलेली ही चाचणीच होती.

मेगरची मर्यादा मी स्वतः प्रयोगशाळेत अनुभवली आहे. एका जुन्या चकतीचा रोध मेगरने मोजला, तर काटा थेट अनंतावर. मुलांना मी खुशाल सांगितले, ‘‘चांगली आहे.’’ रात्री पावसाची झड खिडकीतून आत आली. सकाळी मोजले तेव्हा रोध कोसळला होता. भेग आदल्या दिवशीही होतीच. पण कोरड्या भेगेत हवा असते, आणि हवा मेगरच्या काही हजार व्होल्टना सहज रोखते. म्हणूनच कारखान्यातल्या चाचणीत चकतीवर बाहेरून ठिणग्या उडेपर्यंत व्होल्टेज चढवतात. नेहमीच्या चकतीसाठी कोरड्या स्थितीत ते सुमारे ८० किलोव्होल्ट भरते. चकती निरोगी असेल तर ठिणग्या बाहेरूनच उडत राहतात. आत भेग असेल तर वीज आतली वाट धरते आणि बाहेरच्या ठिणग्या थांबतात.

आता दुसरा प्रश्न. १९२१ मध्ये ग्रिफिथ यांनी काचेवरच्या प्रयोगांतून दाखवले की ठिसूळ पदार्थाची ताकद त्यातल्या भेगेवर ठरते. १९३९ मध्ये स्वीडनच्या वायबुल यांनी त्याला संख्याशास्त्राची जोड दिली : साखळी तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच मजबूत. पण घातक ठरणारी भेग अतिशय बारीक आणि आरपार न गेलेली असू शकते. अशी भेग ८० किलोव्होल्टलाही दाद देत नाही. म्हणून प्रत्येक चकती आधी ठरावीक भाराने ओढतात आणि मग तिची विद्युत चाचणी घेतात. ओढताना उघडलेली भेग विजेने पकडली जाते. दोन्ही चाचण्या एकमेकींना पूरक आहेत.

१९६९ मध्ये बाउअर्ले यांनी झिर्कोनियावर वेगवेगळ्या वारंवारतेचा प्रवाह देऊन कणांचा आणि कणसीमांचा रोध वेगळा काढून दाखवला. सूक्ष्म भेगाही प्रवाह अडवतात, त्यामुळे त्यांची खूणही अशा आलेखात उमटू शकते. मात्र त्यासाठी पदार्थातून थोडा तरी प्रवाह जायला हवा. तापवलेल्या झिर्कोनियात तो जातो, इन्सुलेटरच्या चिनीमातीत जवळपास नाही.

उद्या तुमच्यापैकी कुणी चाचणी-अहवालावर सही करेल आणि त्या सहीच्या भरवशावर कुणी लाइनमन मनोऱ्यावर चढेल. सही करण्याआधी स्वतःला विचारा : या चाचणीला कोणती भेग दिसते, आणि कोणती दिसत नाही?