मोडीचा भाव : प्रवासी विमानांच्या निवृत्तीचा इतिहास

जुनी तांब्यापितळेची भांडी देऊन नवी घेण्याच्या व्यवहाराला मराठीत ‘मोडीत घालणे’ म्हणतात. त्या व्यवहारात भांड्याची घडण, त्यावरील नक्षी किंवा कोरलेले नाव ह्यांस किंमत नसते. तराजूत पडते ते केवळ वजन. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचा निकाल ह्याच न्यायाने लागला. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात किंगमन येथे हजारो लष्करी विमाने आणून उभी करण्यात आली होती. १९४६ मध्ये त्यांपैकी सुमारे ५,४०० विमाने एका कंत्राटदाराने सुमारे २८ लाख डॉलरांना घेतली, आणि त्यांतील बहुतेक भट्टीत वितळवून त्यांच्या ॲल्युमिनियमच्या लाद्या केल्या.

प्रवासी विमानांच्या बाबतीत हा न्याय पुढे पालटला. तो कसा, हे बोइंग ७०७ च्या वृत्तांतावरून स्पष्ट होते. १९५८ च्या ऑक्टोबरात पॅन ॲम कंपनीने हे विमान प्रवासी वाहतुकीस लावले; १९६० मध्ये ते एअर इंडियाच्या ताफ्यातही आले. त्याचा शेवट प्रामुख्याने झिजेमुळे झाला असे मात्र म्हणता येत नाही. १९७३ नंतर खनिज तेल महागले, रुंद धडाची नवी विमाने आली, आणि १ जानेवारी १९८५ पासून अमेरिकेने चार इंजिनांच्या जुन्या जेट विमानांना आवाजाची मर्यादा लागू केली. उडण्यास समर्थ असलेली कित्येक विमाने अशा रीतीने कायद्याच्या एका कलमाने निकामी ठरली.

योगायोग असा की, त्याच सुमारास अमेरिकन हवाई दलाला आपली केसी-१३५ ही इंधनवाहू विमाने सुधारावयाची होती. ही विमाने व ७०७ ही १९५४ च्या एकाच नमुना-विमानापासून निघालेली भावंडे होत. दलाने निवृत्त ७०७ विमाने विकत घेतली, त्यांची इंजिने व शेपटीचे काही भाग उतरविले आणि दीडशेहून अधिक इंधनवाहू विमानांना बसविले. त्यांतील अखेरची विमाने २००९ मध्ये सेवेतून गेली. प्रवाशांच्या लेखी केव्हाच संपलेल्या विमानांची इंजिने त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ आकाशात होती!

अशा सुट्या भागाची किंमत धातूइतकीच त्याच्या कागदपत्रांवर ठरते. तो कोठे घडला, किती तास उडाला, किती वेळा उतरला, कोणत्या कारखान्यात दुरुस्त झाला, ह्याची अखंड नोंद हवी. नोंद तुटली की उत्तम स्थितीतील भागालाही मोडीचाच भाव. ही निव्वळ दप्तरी कटकट नव्हे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनेअर कंपनीचे जुने कॉन्व्हेअर ५८० विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले व आतील सर्व ५५ माणसे मरण पावली. विमानाची उभी शेपटी धडाशी जखडणाऱ्या काही पिना बनावट व कमी बळकट असल्याचे चौकशीत आढळले.

निवृत्त विमाने वाळवंटी प्रदेशात ठेवतात, ह्याचे कारण साधे आहे : कोरड्या हवेत गंज मंद चढतो व टणक जमीन भार सोसते. अमेरिकेतील मोहावी आणि स्पेनमधील तेरुएल ही अशीच स्थाने. तेथे उभे असलेले प्रत्येक विमान मृत असते असे नाही. २०२० च्या महामारीत ठेवलेली अनेक विमाने पुन्हा उडाली.

मात्र वय कमी म्हणून विमान वाचते, असेही नाही. २५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूरहून सिडनीला गेलेले, प्रवासी वाहतुकीतील पहिले एअरबस ए-३८० दहा वर्षांनी भाडेकरारातून मुक्त झाले. त्याला नवा भाडेकरू मिळाला नाही. अखंड विमानापेक्षा त्याचे भाग अधिक मोलाचे ठरल्याने २०१८ मध्ये ते सोडविण्याचा निर्णय झाला. हे काम फ्रान्समधील तार्ब येथे झाले.

मुंबईने असा एक निरोप अलीकडेच पाहिला. एअर इंडियाचे ‘आग्रा’ हे १९९६ चे बोइंग ७४७-४०० विमान सुट्या भागांसाठी विकले गेले होते. २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून उड्डाण करताना त्याने दोन्ही बाजूंना पंख झुकविले, आणि ते स्वतःच्याच इंजिनांच्या बळावर अमेरिकेतील प्लेनफील्डकडे, मोडणाऱ्याच्या दारी, निघाले.