ट्यूबच्या पडद्याची कुळकथा

डोंगरी सायकलीच्या मागच्या चाकापुढे, बैठकीच्या नळीलगत जो शॉक बसविलेला असतो, त्याच्यावर चिखल व खडे उडू नयेत म्हणून निकामी ट्यूबचा एक तुकडा कापून, त्यास भोके पाडून, तो केबल टायने सांगाड्याला बांधण्याची जी घरगुती तजवीज आज रूढ आहे, तिला निव्वळ काटकसर म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. कारण हवेच्या ज्या धावेने सायकलीच्या स्प्रिंगला एकदा पदच्युत केले, तिचाच हा अवशेष शतकानंतर त्याच स्प्रिंगच्या चाकरीत रुजू झाला आहे.

ही पदच्युती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. भरीव रबराच्या धावांनी स्वारांची हाडे खिळखिळी होत, त्यावर उपाय म्हणून लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज या कारखानदारांनी 1885 साली ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली, जिच्यात बैठक, हँडल आणि पेडल ही तिन्ही स्प्रिंगांच्या योगाने चाकांपासून अलग राखली होती. परंतु 1888 साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या धावेची सनद मिळविली, आणि जो धक्का सांगाड्याने सोसावयाचा तो धावेनेच गिळल्यावर स्प्रिंगांचे लटांबर वागविण्याचे कोणास प्रयोजन उरले नाही.

कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, पाइन माउंटनच्या उतारांवर 1976 साली ‘रिपॅक’ शर्यती सुरू झाल्या, तेव्हाही त्या जाड धावांच्या सायकलींना शॉक नव्हता. (उतरताना मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीचे हे नाव; त्या मंडळींना धुळीपेक्षा धुराची चिंता अधिक असावी.) 1989च्या सुमारास रॉकशॉक्सचा पुढचा काटा बाजारात आला, आणि लगोलग मागच्या चाकालाही स्प्रिंग देण्याची चढाओढ लागली. तीत आघाडीस होते ते मर्ट लॉविल आणि हॉर्स्ट लाइटनर. लॉविल हे 1969 चे अमेरिकन मोटारसायकल विजेते, तर लाइटनर मोटोक्रॉसच्या आखाड्यातून आलेले; म्हणजे नव्या शॉकचे आजोळ मोटारसायकलीचे.

त्या आजोळची एक सवयही बरोबर आली. आपल्याकडील बुलेटच्या पुढच्या काट्यावर घड्यांच्या रबरी बाह्या अनेकांनी पाहिल्या असतील. तशाच बाह्या डोंगरी सायकलींच्या आरंभीच्या काट्यांनाही असत. मागच्या शॉकवर मात्र निओप्रीनची वेष्टने आली. हे कृत्रिम रबर ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत 1930 साली निघालेले, आणि वेष्टन मिटविण्यासाठी जॉर्ज द मेस्त्राल या स्विस गृहस्थांचा वेल्क्रो. निओप्रीनचा जुना तुकडा आणि वेल्क्रोची पट्टी मिळाली की हे वेष्टन घरी शिवणेही अवघड नसे.

माझ्या मते ही वेष्टनाची वाट चुकीची होती. शॉकचा दांडा गुळगुळीत असतो, आणि त्याच्या तोंडाशी असलेली सीलची पातळ ओठाळी प्रत्येक हेलकाव्यास त्याच्यावरची धूळ पुसून बाहेर लोटते. ती लोटलेली धूळ पडून जाण्यास वाट हवी. वेष्टनाने नेमकी तीच वाट अडते; शिवणीतून शिरलेली बारीक वाळू ओलाव्यासह आतच नांदते आणि सहाणेवर चंदन उगाळावे तसा दांडा दिवसेंदिवस उगाळला जातो, पुढे सील फाटते, तेल पाझरते, हवेचा दाब टिकेनासा होतो; आणि हे सारे झाकलेले असल्यामुळे मालकाच्या ध्यानात फार उशिरा येते.

वस्तुतः बंदोबस्त शॉकचा नव्हे, चिखलाच्या मार्गाचा करावयास हवा. धावत्या चाकाचा जमिनीस टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, तर माथ्याचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्यामुळे माथ्यावरून सुटलेला चिखल थेट पुढे, शॉकच्या अंगावर येतो. मधे एक लवचीक पडदा टांगला की पुरे. शॉक उघडा राहतो, वारा खेळतो, आणि सीलने लोटलेली धूळ खाली पडते. याकरिता ट्यूबचे ब्यूटिल रबर उत्तम: 1937 साली स्टँडर्ड ऑइलच्या स्पार्क्स आणि टॉमस यांनी सिद्ध केलेले हे रबर हवा तर धरतेच, शिवाय ऊनपावसातही लवकर तडकत नाही. आणि केबल टाय हा 1958 सालचा, थॉमस अँड बेट्स कंपनीतील मॉरस लोगन यांनी विमानांतील तारांच्या जुड्या आवळण्याकरिता योजलेला. विमानासाठी जन्मलेला बंध अखेर चिखलात रमला.

पडदा करताना ट्यूब वाल्वच्या बाजूने उभी चिरून उलगडावी, आतली शंखजिऱ्याची पूड धुऊन टाकावी, भोके चांभारी पंचाने गोल पाडावीत, कारण सुरीने चिरलेले भोक पुढे फाटत जाते. वरची कड बैठकीच्या नळीस आणि खालची मागच्या त्रिकोणाच्या आडव्या पुलास बांधावी, व जेथे रबर रंगावर टेकते तेथे आधी चिकटपट्टी लावावी, नाहीतर खाली अडकलेले कण रंग खरवडतात. मग शॉकमधील हवा काढून सायकल पूर्ण दाबावी: पडदा टायरला घासता कामा नये की सांध्यात चिमटता कामा नये, आणि चाक पूर्ण खाली सुटले असता तो ताणलाही जाऊ नये. या परीक्षेवाचून बांधलेला पडदा पहिल्याच मोठ्या उडीत टायरखाली जातो.

कारखानदारांनीही पुढे असे पडदे साच्यात ओतून विकले. स्वित्झर्लंडच्या बोल्ड कंपनीने तर शॉक सांगाड्याच्या पोटातच घातला, आणि 2021 साली स्कॉटच्या ‘स्पार्क’ने तीच रचना उचलली. तेथे चिखलाचा प्रश्न निकालात निघतो खरा, परंतु शॉकमध्ये हवा भरावयाची तर सांगाड्याचे झाकण उघडावे लागते, आणि अशा सायकलीची किंमत पाहता, जुन्या सांगाड्याचा धनी आपल्या फाटक्या ट्यूबशीच इमान राखून आहे.