लेबल वाचणाऱ्यासाठी, विष फवारणाऱ्यासाठी

फवारणीतून विषबाधा झाली की पहिला प्रश्न फवारणाऱ्यालाच विचारला जातो: डब्यावरचे वाचले नव्हते का? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. तेव्हाही मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, शेतकरी अज्ञानी, हेच ऐकवले गेले. वर्धा नदीच्या अलीकडे आमच्या जिल्ह्यातही तीच कपाशी आणि तेच पाठीवरचे पंप. म्हणून आम्ही म्हणतो, दोष मजुराच्या माथी मारण्याआधी या लेबलचा इतिहास तपासा.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नधान्यात मिसळले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर चौकशी आयोग बसला. पुढे कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि १९७१ चे नियम आले. म्हणजे कायद्याच्या मुळाशी खाणाऱ्याचा मृत्यू होता, फवारणाऱ्याचा नव्हे.

नियमांनी डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आणली. खालच्या त्रिकोणात लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत हवे, त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा हवा, असेही नियम सांगतात. लेबलवर ‘सुरक्षित’ असा दावा करायला मनाई आहे. पण हिरवा रंग बघून माणूस काय समजतो? हिरवे म्हणजे पीक, हिरवे म्हणजे जा! प्रत्यक्षात हिरवेही विषच आहे, फक्त कमी तीव्र. शिवाय आम्ही सगळे त्याला ‘औषध’ म्हणतो. नावातच विष लपले, तर रंग काय सांगणार?

आता शेतात या. डबा कृषी केंद्रातून मालक आणतो. दोन-तीन द्रावणे ड्रममध्ये एकत्र होतात. त्या मिश्रणाला लेबलच नसते. रोजाने आलेल्या मजुराच्या पाठीवर भरलेला पंप चढतो. त्याने डबा पाहिलेलाच नसतो. तो पदवीधर असता तरी काय वाचणार होता? हा मजूर बहुतेकदा भूमिहीन असतो, दलित किंवा आदिवासी असतो. जमीन कोणाकडे आणि विष कोणाच्या पाठीवर, ही वाटणी जातीने आधीच करून ठेवली आहे. दोन एकरवाला शेतकरी स्वतःच फवारतो, तोही याच रांगेत उभा आहे.

कायदा काय करतो? १९७१ चे नियम संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, प्रशिक्षण यांची भाषा बोलतात. पण अधिनियमाचे कलम ३८ म्हणते की स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. विष बनवणे, विकणे कायद्यात, फवारणे कायद्याबाहेर. शेताच्या धुऱ्यावर कायदा थांबतो, मजूर मात्र आत जातो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामाच्या तासांवर त्यांनी कायद्याची मर्यादा घातली. कामगाराला ‘जपून राहा’ असा उपदेश करून ते थांबले नाहीत. मालकावर बंधन टाकले. कारखान्याला जे मिळाले, ते शेतमजुराला अजून मिळालेले नाही. १९६८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २००८ आणि २०२० साली विधेयके मांडली गेली. नव्या कायद्याच्या प्रत्येक चर्चेत आमचा प्रश्न एकच असला पाहिजे: रोजाने फवारणाऱ्याची जबाबदारी कोणावर?

तोवर गावागावातल्या तरुणांनी तीन कामे हाती घ्यावीत. फवारणीआधी डबा मजुराच्या हातात द्यायला लावा आणि मोठ्याने वाचून दाखवा. साधने मालकाने दिल्याशिवाय पंप उचलायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत मांडा. कोणाला मळमळ, डोळ्यांची जळजळ, अंधारी जाणवली तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि डब्यासह लगेच दवाखान्यात न्या. उपचारासाठी डॉक्टरांना विषाचे नाव लागते.

‘शिका’ हा आदेश आम्ही मानतोच. पण वाचता न येणे हा मरणाला पात्र गुन्हा नाही. आधी विकणाऱ्याला, राबवून घेणाऱ्याला आणि सरकारला कायदा वाचायला लावू.

जय भीम!