चोर कुणी पकडला?

बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ हा १९२४ सालचा पाऊण तासाचा मूकपट. नायक थिएटरात प्रोजेक्टर चालवतो आणि पुस्तक वाचून गुप्तहेर व्हायला बघतो. पण घड्याळचोरीचा आळ त्याच्यावरच येतो. तो स्वप्नात पडद्यात शिरतो, तेव्हा भोवतालची दृश्ये झपाझप बदलतात, तो मात्र जागच्या जागी! त्यासाठी कीटनने कॅमेऱ्याचे अंतर जमीन मोजण्याच्या उपकरणांनी मोजले. पाण्याच्या टाकीखालच्या प्रसंगात त्याच्या मानेचे हाड मोडले, ते कळले काही वर्षांनी, एक्स-रेत.

शंभर वर्षे टाळ्या नायकालाच मिळाल्या. खरा चोर मात्र त्याची प्रेयसी शोधते. गहाणवटीच्या दुकानात जाऊन ती विचारते, घड्याळ कुणी ठेवले? प्रोग्रॅममधली चूक शोधताना मलाही धावपळीपेक्षा असा साधा प्रश्नच उपयोगी पडतो.